पश्चिमेची काच

नवीन जालन्यात स्टेशनकडून माझ्या ऑफिसला येताना दोन्ही बाजूंना ज्या इमारती लागतात, त्यांच्याकडे मी हल्ली मान वर करून पाहत नाही. पाहिलं की शिसारी येते. बँक असो, बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस असो की दवाखाना, सगळ्यांनी अंगभर निळी काच लावून घेतली आहे. आत भर दुपारी ट्यूबलाइट जळतात, बाहेर एसीच्या पेट्या गरम हवा ओकतात, आणि खालून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत काचेवरचं ऊन घुसतं. यातल्या दोन इमारतींचे नकाशे माझे आहेत. तेव्हा ही शिसारी फक्त दुसऱ्यांची आहे असं कुणी समजू नये.

औरंगाबादला मी वास्तुकला शिकलो. आधुनिक म्हणजे काय, हे आम्हाला तिथं कळलं: नक्षी नको, सरळ रेषा, सपाट छत, आणि भिंतीच्या जागी काच. ज्या देशांत माणसं वर्षातले सहा महिने उन्हाला तरसतात, तिथल्या लोकांनी भिंत काढून काच बसवली. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर होतं. आम्ही ते पाठ केलं. वर्गात पंखा गरगरायचा, खिडकीला ओला पडदा लावलेला असायचा, आणि फळ्यावर काचेच्या भिंतीचे फायदे लिहिलेले असायचे. कुणाला हसू आलं नाही. पुढं दुसरी चळवळ आली. तिनं सरळ रेषांना नाक मुरडलं आणि खांब-कमानी परत आणल्या. जालन्यात आम्ही दोन्ही एकाच घरावर बसवतो. खाली काच, वर गोल खांब, मधून एलईडीची पट्टी.

आमच्याकडे घर समोरून सुरू होतं. गिऱ्हाईक येतं, खुर्चीवर टेकायच्या आत मोबाइल पुढं करतं आणि म्हणतं, "असं एलिव्हेशन पाहिजे." घरात माणसं किती, स्वयंपाक कुठं होणार, म्हातारी माणसं कुठं निजणार, हे सगळं नंतर त्या दर्शनी चेहऱ्याच्या मागं बसेल तसं कोंबायचं. आणि चेहरा रस्त्याकडेच पाहिजे. मग रस्ता कुठल्या का दिशेला असेना.

केदारखेड्याला माझी थोरली बहीण दिली आहे. दाजींची शेती आहे, शेडनेटमध्ये मिरचीचा बियाण्याचा प्लॉट असतो. फुलं हातानं उघडून क्रॉसिंग करायचं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्याच्या फुलाला लावायचं काम बहीणच करते, बोटं तिची नाजूक आहेत म्हणून. एका चैत्रात तिला त्या शेडनेटमध्येच ऊन लागलं. भोकरदनला दोन दिवस सलाईनवर होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दुपारी बारा ते चार गार जागेत पडून राहायचं, पुन्हा असं झालं तर अवघड आहे.

त्यानंतर वर्षभरानं दाजींनी घर बांधायला काढलं. नकाशा अर्थातच माझ्याकडे. बहिणीनं एकच गोष्ट मागितली होती. "बाकी तुम्हाला काय करायचं ते करा. मला दुपारची पडायला एक गार खोली काढ, भाऊ."

मी काढलीही होती. मागं, पूर्वेला, जाड भिंतीची. मग दाजी नवीन जालन्यातल्या एका ऑफिसचा फोटो घेऊन आले. दुमजली काच. म्हणाले, "असं पंचक्रोशीत कुणाचं न्हाई. बराबर असंच करा." मला नको म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर माझेच हात शिवशिवत होते. कॉलेजात जे शिकलो ते घरासाठी, खांब-कमानींशिवाय, पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन मागत होतं. रस्ता पश्चिमेला, म्हणून काच पश्चिमेला. जिना मागं सरकला, जिन्यानं पूर्वेची खोली खाल्ली, आणि बहिणीची खोली वर, समोर, काचेच्या आड गेली. दाजींना मी अर्धाच दोष देतो.

वास्तुशांतीला सगळं गाव काचेपुढं उभं राहून फोटो काढत होतं. बहीण हसत होती. मी छाती फुगवून हिंडत होतो. आता ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मे महिन्यात भोकरदनला काम होतं, येताना दुपारी दोनच्या सुमारास न सांगता गेलो. दार नुसतं ओढलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. हॉलच्या मधोमध कूलर ठेवलेला. तो खिडकीत बसवतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण मी एकही खिडकी कूलरच्या मापाची ठेवली नव्हती. काचा सगळ्या फिक्स. जालन्यात जन्म काढलेला माणूस कूलरची जागा विसरला. बंद घरात तो कूलर तीच हवा फिरवत होता, भिंती ओलसर चिकट झाल्या होत्या, सोफ्याला कुबट वास मारत होता. वर गेलो. बहिणीच्या खोलीतल्या काचेला आतून बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या चिकटपट्टीनं लावलेल्या, चिकटपट्टी वितळून लोंबत होती. लोखंडी कपाटाला हात लावला तर चटका बसला. तिथं एक मेलेली माशी होती, आणि बहीण नव्हती.

ती शेजारी होती. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचं जुनं माळवदाचं घर आहे. मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर लाकडावर मातीचंच छत. आत अंधार आणि गारवा. जमिनीवर चटई टाकून माझी बहीण गाढ झोपली होती, आणि शेजारीणबाई जवळ बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून बहीण दचकून उठली, पदर सारखा केला.

"गप्पा मारायला आल्ते," ती म्हणाली. "तू कवा आलास? चल, घरी चल. चहा करते."

ती मला त्या भट्टीत घेऊन गेली आणि घाम पुसत चहा केला. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

दिवाळीनंतर शेजारीणबाई माझ्या ऑफिसात आल्या. एकट्याच. मोबाइल काढून टेबलावर ठेवला. त्यात माझ्या बहिणीच्या घराचा फोटो होता.

"भाई, आम्हाला बी असंच घर बांधायचंय. अगदी असंच."

मी म्हणालो, काच नको. तुमच्या भिंती ठेवू, छत तेवढं पक्कं करू. त्या नकाराची मान हलवत राहिल्या. शेवटी मी, जे बहिणीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. "ते घर राहण्याजोगं नाही. म्हणून तर ताई दुपारी तुमच्याकडे येते."

"मालूम आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही रोज पाहून राह्यलो ना. पण लेकाच्या सोयरिकीला लोक आल्ते. माळवद पाहिलं, चहा बी न घेता गेले. दोनदा असं झालं. गर्मी आम्ही काढू, भाई. लेकाचं काय करू?"

मी कागद पुढं ओढला. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो?

त्यांनी कागदावर हात ठेवला. "फक्त एक करा. समोर काच लावा, पण मागची एक खोली आहे तशी मातीची राहू द्या. आणि तिचा दरवाजा ताईच्या अंगणाकडून काढा. न्हाई तर मंग उन्हाळ्यात ताईनं जायचं कुठं?"

खोली किती मोठी ठेवायची, असं मी विचारलं.

"ताई उजव्या कुशीवर झोपती, पाय पसरून," त्या म्हणाल्या, आणि टेबलावर दोन्ही हात लांब करून माप दाखवलं. "एवढी बस झाली."

बहिणीच्या घराचा एकेक इंच मी आखला होता. ती झोपते कशी, हे मला शेजारणीकडून कळलं.