समुद्राला पाणी कुणी सोडलं?

समुद्राला आवर्तन नसतं, ही गोष्ट मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मांडीएवढ्या पाण्यात, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन उभा असताना कळली.

ज्यांचा कालव्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आवर्तन म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सुटायची पाळी. मी त्या कालव्यावर पाटकरी होतो. कासुर्डीपासून केडगावपर्यंतच्या चाऱ्या, म्हणजे कालव्याचे रानात जाणारे फाटे, माझ्याकडं. गेट उघडायचं, कुणाच्या रानात किती तास पाणी जाईल ते बघायचं, आणि संध्याकाळी वहीत लिहायचं: पाणी कधी आलं, कधी गेलं आणि कुणाच्या आदेशानं सोडलं. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. सतरा वर्षांत माझ्या हद्दीत आदेशाशिवाय एक थेंब आला नव्हता. (लोक चोरून न्यायचे ते वेगळं. ते वहीत येत नाही.) त्यामुळं पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. समज कसला, माजच म्हणा!

तर त्या साली माझी बदली निघाली. करमाळ्याकडं! घरी दोन म्हशी, माझे वडील आबा (म्हशींचं नाव आधी घेतलं म्हणून आबा चिडतील, पण दूध म्हशी देतात) आणि बायको शोभा. मी गेलो तर वैरण कोण आणणार, आबांना दवाखान्यात कोण नेणार? ऑर्डर बघून शोभा दोन दिवस नीट जेवली नाही. मलाही रडू आलं, पण ते मी गोठ्यात जाऊन उरकलं.

अशा वेळी देव धावून येतो म्हणतात. आमच्याकडं साडू धावून आला. शोभाच्या बहिणीचा नवरा, विलासराव. मुंबईत समुद्रकाठच्या उपनगरात राहायचा आणि प्रत्येक लग्नात, अक्षता पडायच्या आधी, निदान दहा जणांना सांगायचा, "आमच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर!" जसा काही त्यानंच खणलाय. पण त्याच्या सकाळच्या फिरण्यातले एक सोबती निघाले आमच्याच खात्यातले लई मोठे साहेब. विलासरावांनी शब्द टाकला आणि केडगावच्या एसटीडी बूथवर मला निरोप आला, "रविवारी पाच वाजता साहेबांच्या घरी. पाच म्हणजे पाच, काशिनाथराव! सहाला ते बाहेर जाणारेत, आणि त्यांना उशीर अजिबात खपत नाही."

शनिवारी आम्ही तिघं केडगावहून रेल्वेत बसलो. आबांनी समुद्र बघितला नव्हता, म्हणून ते. शोभाला बहिणीला भेटायचं होतं, म्हणून ती. आणि साहेबांसाठी गुळाची दहा किलोची ढेप. आमच्याकडं गावोगावी गुऱ्हाळं. रिकाम्या हातानं गेलो तर लोक काय म्हणतील?

रविवारी सकाळी साडू आणि मेव्हणी कुणाच्या तरी बारशाला निघाले. जाताना विलासरावांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. वर शीर्षक, खाली दोन रेघा: 'आमच्या भागात बघण्यासारखे व करण्यासारखे'. एकूण सात कलमं! मी शोभाला म्हणालो, "बघ, पावणा घरी आला तर ह्यो त्याला कागद देतो. आपल्याकडं भाकरी देत्यात."

"अहो, फ्रिजमधे सगळं करून ठिवलंय ताईनं."

"गार!" मी म्हणालो.

फडक्यात बांधलेली गुळाची ढेप खांद्यावर टाकून आम्ही निघालो. चौपाटीवरनं परस्पर साहेबांकडं जायचं ठरलेलं. पहिलं कलम: वाळूत अनवाणी फिरणे. मी म्हणालो, ह्यासाठी तिकीट काढून यायची काय गरज होती? आबा अर्धं आयुष्य अनवाणी फिरले, त्यांना कुणी यादीत घातलं नाही. दुसरं: भेळ खाणे. मूठभर चुरमुरे, त्यावर चिंचेचं पाणी, आणि ते खायला म्हणे लोक गाडी काढून येतात! तिसरं: उंटावर बसणे. आबांनी उंटाला चारी बाजूंनी बघितलं आणि उंटवाल्याला विचारलं, "दूध किती देतो?"

"चाचा, ये नर है."

"मंग पोसला कशाला?" आबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. उंटवाला तोंड फिरवून पुढं गेला.

चौथं कलम मासळी बाजार. आबा उपरण्यानं नाक दाबून त्यातनं असे पळाले की आम्हाला पाचव्या कलमाशीच सापडले. पाचवं: सिनेमावाल्यांचे बंगले बाहेरून बघणे. म्हणजे बंद गेट बघणे. मी सतरा वर्षं रोज बंद गेट बघून पगार घेतोय, इथं लोक फुकट बघत उभे! आणि सातवं कलम तर वाचून मला घेरीच आली. सूर्यास्त बघणे! अरे बाबांनो, आमच्याकडं भांडगावच्या माळावर रोज होतो तो. कुणी मान वर करून बघत नाही.

राहिलं सहावं. समुद्रात आत, खडकावर एक छोटं देऊळ. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजले होते. देवळापर्यंत सरळ वाळू आणि शेवाळलेले दगड. पाणी पार लांब. मी खाली बसलो. वाळू चिमटीत घेतली. दगडावरची पाण्याची खूण बघितली. विलासरावांना जे वीस वर्षं तिथं राहून कळलं नसेल ते मला दोन मिनिटांत कळलं.

"आवर्तन संपलंय," मी सांगून टाकलं. "वरनं गेट बंद केलंय. पाणी उतरतंय बघा. आता आठ-धा दिवस काय येत न्हाई."

"वरनं म्हंजी कुठनं?" आबांनी विचारलं.

"आसंल की कुठंतरी धरण. पाणी काय आभाळातनं पडतं व्हय?"

शोभा यादी डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "अहो, सहाव्या नंबरखाली बारीक अक्षरात काय तरी लिवलंय."

"त्याचं अक्षर बारीक आन् मनबी बारीक. ठेव पिशवीत!"

वाटेत एक कोळीण मासे वाळत घालत बसली होती. तिनं हाक मारली, "दादा, लवकर परत फिरा हां, पाणी भरेल!"

"बाई," मी थांबून म्हणालो, "मी पाटबंधाऱ्यात हाय."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग शोभाकडं बघितलं, आणि शोभाकडं बघताना तिच्या तोंडावर फार दया दिसली.

खडकाच्या पायथ्याशी आम्ही चपला काढल्या. गूळ उन्हानं पाझरायला लागला होता, म्हणून मी मुद्दाम ढेप खाली, दोन दगडांच्या मध्ये, गार सावलीत ठेवली. (साहेबांच्या वस्तूची काळजी घ्यावी लागते!) वर गेलो, देवाला हात जोडले, बदली टळू दे म्हणालो. शोभानं भाकरी-ठेचा काढला. वारा असा गार सुटला होता की दोन घास पोटात गेल्यावर आबा आडवे झाले. मी शोभाला समुद्राचं नियोजन कसं चुकलेलं आहे ते समजावून सांगत होतो. एवढं पाणी, आणि एक चारी काढली नाही, एका शेतकऱ्याला उपयोग नाही, निव्वळ भोंगळ कारभार. सांगता सांगता माझाही डोळा लागला.

शोभानं हलवलं. "अहो, उठा. तुमची चप्पल चाललीय."

"कुठं?"

"समुद्रात!"

मी उठून बघितलं. माझी एक चप्पल, शोभाच्या दोन आणि आबांचं पायताण असा सगळा लवाजमा लाटेवर डुलत निघाला होता. आम्ही आलो ती वाट जागेवर नव्हती! चारी बाजूंनी पाणी, आणि ते वर येत होतं.

मी खडकाच्या टोकाला उभा राहून ओरडलो, "ए! कुणी सोडलं रं पाणी? कुणाच्या आदेशानं? आज रविवार हाय! रविवारी सुटत न्हाई!"

समुद्रानं माझी दुसरी चप्पलही नेली. शोभानं पिशवीतनं यादी काढली आणि मोठ्यानं वाचली. "दुपारी तीननंतर भरती. तीनच्या आत परत फिरणे. काशिनाथराव, हे खास तुमच्यासाठी."

पावणेचार झाले होते.

मग मला ढेप आठवली. मी दगडांना धरत खाली उतरलो, मांडीएवढ्या पाण्यात गेलो, चाचपडत ढेपेचं फडकं धरलं आणि डोक्यावर घेतलं. तेवढ्यात लाट आली. मी पडलो नाही, पण ढेप पाझरायला लागली. कपाळावरनं, नाकावरनं, मिशीतनं गूळ! उन्हापासनं जपला तो समुद्रात विरघळला. वर चढून आलो तर आबांनी माझ्या गालाला बोट लावून चाटलं.

"सरबतावाणी लागतंय," ते म्हणाले. "लिंबू पायजे व्हतं."

"आबा, तुम्हाला गंमत सुचतीय?"

"आरं, जल्मात एवढं पाणी बघितलं न्हाई. हे यका वक्ताला केडगावला वळिवलं तर?"

"खारट हाय ते!"

"तरीच कुणी अर्ज करत न्हाई," आबा म्हणाले आणि पुन्हा लाटा बघत बसले.

शोभाला मात्र हुंदका आवरेना. "पाच वाजता साहेब! म्हशी, आबा, घर, सगळं त्या भेटीवर. आन् तुम्ही! बाई सांगती, यादी सांगती, बायको सांगती, पण न्हाई! पाण्यातलं कळतं ना तुम्हाला? जावा आता करमाळ्याला एकटे, आन् तिथं बसा पाणी कळून घेत!" मी तोंड उघडलं, त्यात गूळ गेला. खरं सांगायचं तर मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटी तिनंच पदर सोडून हलवला आणि त्या कोळणीला हाका मारल्या. अर्ध्या तासानं तिचा नवरा होडी घेऊन आला. आबांना हात धरून आत घेतलं, शोभाला घेतलं, आणि मग मला थांबवून विचारलं, "तो पाटबंधाऱ्यातला माणूस कोण? बायकोनं नीट बघून यायला सांगितलंय."

"ह्यो," आबांनी माझ्याकडं बोट केलं.

साडेपाचला आम्ही साहेबांच्या दारात. तिघंही अनवाणी (पहिलं कलम पूर्ण!), मी मांडीपर्यंत ओला, केसात शेवाळ, मिशीला गूळ. फाटकाशी विलासराव उभे होते. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले. आत साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यात, हातात घड्याळ. मी पुढं झालो आणि फडकं उघडून त्यांच्यापुढं धरलं. दहा किलोच्या ढेपेचा नारळाएवढा गोळा राहिला होता, आणि त्यावर एक खेकडा बसला होता.

"उशीर का झाला?" साहेब म्हणाले.

"साहेब, पाणी आलं."

"कुठून?"

"समुद्रातनं, साहेब."

साहेबांनी आधी खेकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुणाच्या आदेशानं?"

सतरा वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "चौकशी करून कळवतो, साहेब!"

साहेब हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आतून त्यांच्या बाईसाहेब आल्या, त्यांना सांगताना परत हसले. शोभा हात जोडून रडवेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, घरी म्हातारं माणूस हाय. करमाळा तेवढा टाळा." साहेब डोळे पुसत म्हणाले, "टळला. उद्या फोन करतो. ह्यांना करमाळ्याला पाठवणं बरोबर नाही."

काय सांगू! परतीच्या गाडीत शोभा माझ्याशी बोलली. कासुर्डीत मी पेढे वाटले, चारीवर उभं राहून चारचौघांना सांगितलं की मोठ्या साहेबांशी पाण्याच्या विषयावर आपली सविस्तर चर्चा झाली.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. करमाळ्याची बदली रद्द. त्याखाली दुसरी ओळ: सदर कर्मचाऱ्यास भरती-ओहोटीचा अनुभव नसल्याने तो मिळावा म्हणून कोकणात, खाडीच्या बांधावर नेमणूक. करमाळा निदान सकाळी निघून दुपारी गाठता आला असता. हे गाव यायला एक अख्खा दिवस आणि तीन गाड्या!

म्हशी शेजाऱ्याकडं दिल्या. शोभा बरोबर आली. येताना साडूची यादी घेऊन आली आणि इथं स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, मला रोज दिसेल अशी चिकटवली. आबा तर सगळ्यात खूश. रोज संध्याकाळी बांधावर बसून सूर्यास्त बघतात. त्यांचं सातवं कलम राहिलं होतं.

वही मात्र मी कालव्यावरचीच आणली. पाणी कधी आलं, कधी गेलं, ते दिवसातून दोनदा लिहितो. पहिल्या दिवशी शेवटच्या रकान्याशी पेन अडलं. पाणी कुणाच्या आदेशानं सोडलं? इथले लोक म्हणतात चंद्राच्या. पण चंद्र आमच्या खात्यात नाही. म्हणून गेली चार वर्षं मी तिथं दोन्ही वेळेला, स्वच्छ अक्षरात, एकच लिहितो: मा. साहेबांच्या आदेशाने. परत बदली कुणाला हवीय!