समाधीवरची फरशी

बायकोला माहीत नाही. ज्याच्यासोबत ऑफिस चालवतो त्या मित्राला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय, ते धड सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक तेवढंच कारण असावं.

मी घरांच्या किमती काढतो. कुणी घरावर कर्ज मागितलं की बँक मला पाठवते — जा, बघ, विकलं तर काय येईल ते लिहून दे. नांदेडपासून पार उदगीरपर्यंत फिरणं. फ्लॅट असला तर काम सोपं. शेजारचा केवढ्याला गेला ते बघायचं, थोडं इकडं-तिकडं करायचं, झालं. पण एखादं घर असं निघतं की त्याच्यासारखं दुसरं गावात नसतंच. कुणी पिठाच्या गिरणीवर संसार चढवलेला असतो, कुणाच्या स्वयंपाकघरात विहीर निघते. मग गल्लीत विचारा, रजिस्ट्री ऑफिसात ताटकळत बसा, परत जा, परत मोजा. आणि फी? तेव्हा तीच, फ्लॅटला मिळायची तेवढीच! ह्यावरून मी कित्येक वर्षं जळफळत होतो. खरं तर जादा फी लेखी मागता येते, बँका देतातही. पण लिहायचा कंटाळा. कुरकुर करणं त्यापेक्षा सोपं होतं.

आता हे फीचं मी आधी का सांगून राहिलो? — बघा, आडोसा शोधतोय. पुढं जे झालं त्यात फीचा दोष काही नाही.

लातूरला एक बाई आहेत, शिवकांताबाई. शिकवणीला आलेल्या पोरींची मेस चालवतात. पोरी त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणायला लागलो. त्यांचं घर पूर्वी शेतात होतं. शहर पसरत आलं, शेताचे प्लॉट पडले आणि घर गल्लीत आलं. वर दोन खोल्या काढायच्या आणि पोरींना राहायलाच ठेवायचं, म्हणजे म्हातारपणाची सोय होईल — असा मावशींचा हिशेब. त्यासाठी घरावर कर्ज हवं होतं. मूल-बाळ नाही. नवरा वारलेला. आणि नवरा — परसात होता.

लिंगायत घर ते. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि जमलं तर आपल्याच रानात. रान होतं तेव्हा समाधी बांधली. रानाचं परस झालं तरी ती तिथंच राहिली. चुना दिलेला चबुतरा, वर छोटी पिंड, तिच्यावर बेलाचं पान. मावशी सकाळी आधी तिथं पाणी घालायच्या आणि मगच गॅस पेटवायच्या.

मी ते पाहिलं आणि माझं डोकंच उठलं. घरात समाधी! असलं घर आजवर कुणी विकलंय का, कुणाला विचारायचं? दोन-तीन खेपा होणार हे दिसत होतं. ऊन मरणाचं, आणि मला उदगीर गाठायचं होतं. तोंड वाकडं करून मी म्हणालो, हे इथं नसतं तर सोपं गेलं असतं.

मावशींनी पदरानं पिंडीवरची धूळ पुसली. मग त्यांनी विचारलं,

"काढलं तर होईल का, साहेब?"

इथं थांबतो जरा. कारण खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. काढायची गरजच नव्हती! परसात समाधी आहे, एवढी जागा तिच्यात जाते, तेवढी किंमत कमी धरली — असं चार ओळींत लिहिलं असतं तरी भागलं असतं. पुढं देगलूरकडं अगदी असंच घर आलं. तिथं मी तसंच लिहिलं, आणि त्या लोकांचं कर्ज झालं. मग मावशींना मी काय सांगितलं?

"हो, होईल की."

कप खाली ठेवून, बुटात पाय घालत म्हणालो. मला तिथून सुटायचं होतं, दुसरं काही नाही. आणि त्याच संध्याकाळी एका पडक्या घराचा जुना रिपोर्ट उघडला, नाव-पत्ता बदलला, 'विक्रीस अयोग्य' हा शेरा तसाच ठेवला आणि बँकेला पाठवून दिला. तिकडं ती बाई काढू की नको करत बसली असेल, आणि इकडं मी सगळं उरकून जेवायला बसलो होतो. किळस येते हो स्वतःची.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. काढलंय, येऊन बघून जा म्हणाल्या. तेव्हा तरी खरं सांगावं की नाही माणसानं? नाही सांगितलं. मुकाट्यानं गेलो.

चबुतऱ्याच्या जागी शहाबादी फरशी बसली होती. मावशींनी सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी न आणता. जंगम स्वामी येऊन पिंड मठात घेऊन गेले. गवंडी हात लावायला तयार होईना, म्हणून पहिला घण मावशींनी स्वतः घातला. दीर दारात उभा राहून नाही नाही ते बोलला, आणि तेव्हापासून त्यानं ह्या घराची पायरी चढलेली नाही. सांगून झाल्यावर त्या फरशीकडं बघत म्हणाल्या,

"वरचं काढलं, साहेब. खाली ते हायेतच."

आणि मी काय करावं? टेप काढला. ती फरशी मोजली! रिपोर्ट केव्हाच गेलेला, मोजून करायचं काय होतं? नुसतं नाटक. वर निघताना दुसऱ्या खेपेची फी मागितली. मागितली, हो — तोंड वर करून. त्यांनी दिली, आणि मी ती खिशात घातली.

नवा रिपोर्ट तेव्हाही देता आला असता. पण बँक म्हणाली असती, मग पहिल्या वेळी डोळे कुठं होते? माझं पॅनेलवरचं नाव गेलं असतं. नाही दिला. बँकेनं मावशींना नकार कळवला. वरच्या खोल्या झाल्या नाहीत. गुडघे धरलेत, तरी मावशी अजून पोळ्या लाटतात.

मी मात्र नावारूपाला आलो. अवघड घर निघालं की आता मलाच बोलावतात, जादा फी देऊन. नव्या लोकांना मी शिकवतोसुद्धा — घाई करू नका, घरातल्या माणसांशी शब्द जपून बोला. थू!

मावशींना वाटतं, मी त्यांच्यासाठी खूप धडपडलो. दर वर्षी मालकांच्या पुण्यतिथीला त्यांचं बोलावणं येतं, आणि दर वर्षी मी जातो. परसात पंगत बसते. तेवढी जागा रिकामी सोडतात, कुणाला सांगावं लागत नाही. दिराचा पाट जिथं असायचा, तिथं मला बसवतात. यंदा वाढता वाढता मावशींनी नव्या शेजारणीला माझी ओळख करून दिली,

"ह्या साहेबांनी लई केलं आमच्यासाठी. बँकेलाच द्यायचं नव्हतं."

शेजारणीनं मला हात जोडले. मी मान डोलावली आणि म्हणालो, मावशी, खीर वाढा अजून थोडी.