उजवा कौल आणि मोठा कॅमेरा

छायाचित्र हा माणसाने काळावर मिळवलेला एकमेव विजय आहे. हे वाक्य माझे नाही. रत्नागिरीच्या राम आळीत एका फोटो स्टुडिओच्या गल्ल्यामागे ते सोनेरी अक्षरांत रंगवलेले होते आणि त्याच्याखाली, जरा बारीक अक्षरांत, 'पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत मिळतील' असे होते. दोन हजार सातच्या सुमारास मी त्या भिंतीसमोर इतक्या वेळा उभा राहिलो की मला त्या एकाच श्लोकाच्या दोन ओळी वाटू लागल्या होत्या.

मी कॅमेरा बघायला जात होतो. घ्यायला म्हणत नाही, कारण घेण्याचे धाडस होत नव्हते. त्या वर्षी शिमगा झाल्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत दुखले. मुंबईला तपासण्या झाल्या, बायपास करायचे ठरले, तारीख मिळाली. तारीख मिळाल्यानंतर लगेचच घरात कोणीतरी म्हणाले, की आपल्याकडे एक चांगला कॅमेरा हवा. कशासाठी, ते कोणी विचारले नाही.

अण्णांचा धड म्हणावा असा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. ते हायस्कुलात इतिहास शिकवत आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. त्यामुळे शाळेच्या ग्रुप फोटोंत ते दरवर्षी मधल्या खुर्चीवर होते, पण तांदळाच्या दाण्याएवढे. भावाच्या लग्नातल्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले होते. मतदार ओळखपत्रावर ते असे दिसत, की यांना मत देऊ द्यावे का असा प्रश्न पडावा. माजघरात आजोबांचा मोठा फोटो होता, चंदनाच्या हारासकट, आणि त्याच्या शेजारी एक रिकामी खुंटी होती. ती माझ्या लहानपणापासून तिथेच होती. त्या वर्षी मात्र पाणी प्यायला उठलो तरी आधी ती दिसायची.

स्टुडिओवाल्याने गल्ल्यावर निळे मखमली फडके अंथरून त्यावर दोन कॅमेरे मांडले. एक डीएसएलआर, त्यातला सगळ्यात साधा, शिकाऊ माणसांसाठीचा. तरीही हातात घेतला की नारळ उचलल्यासारखा. दुसरा साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा.

"साहेब, हा कॅमेरा नाही," मोठ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ही एक दृष्टी आहे."

"आणि हा?"

"तो कॅमेरा आहे."

मला तो लहान हवा होता. त्याचे एकच कारण होते आणि ते दुकानात सांगण्यासारखे नव्हते. लहान कॅमेऱ्याने अण्णांचा फोटो त्यांच्या नकळत काढता आला असता. ओटीवर पेपर वाचताना, आंब्याच्या पेट्यांत गवत भरणाऱ्या गड्यावर ओरडताना. मोठे यंत्र डोळ्याला लावून त्यांच्यासमोर उभे राहणे म्हणजे 'तुमच्याबद्दल आमची काय अटकळ आहे' हे तोंडावर सांगणे. पण लहान कॅमेऱ्याचा फोटो मोठा केल्यावर फुटला तर? दुसरी संधी मिळेलच, असे कोणी लिहून दिले नव्हते.

"मोठी प्रिंट चांगली येईल ना याची?" मी वडीकडे बोट दाखवून विचारले.

"केवढी मोठी?"

मला तोंडाने सांगता येईना. हात मात्र आपोआप वर गेले आणि त्यांनी हवेत आजोबांच्या फोटोची चौकट आखली. स्टुडिओवाल्याने चष्मा काढला. आवाज खाली आणला.

"घरात कोणी…?"

"वडील."

"अरेरे. कधी गेले?"

"घरी आहेत. जेवत असतील आता."

त्याने चष्मा पुन्हा लावला आणि मखमली फडक्याची सुरकुती काढली. मी उद्या येतो म्हणून निघालो.

मुंबईहून भावाचा रोज फोन येई. त्याचे मत ठाम होते. "मोठाच घे. असल्या गोष्टी आयुष्यात एकदाच…" इथपर्यंत येऊन तो थांबे आणि मग मेगापिक्सेलविषयी बोलू लागे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. तिथे छायाचित्रणावर जी दोन-चार पुस्तके होती ती मी वाचून काढली. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला इतके पटले की आधी होती तीही अक्कल गेली.

अण्णा ओटीवर आरामखुर्चीत बसून हे सगळे ऐकत. "काय रे, झाला का निर्णय?" ते विचारत. "अरे मेल्या, पानिपतावर जायचं ठरवायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

"तुम्हांला काय वाटतं, मोठा की लहान?"

"लहान घे. मोठ्यात माणूस आहे तसा दिसतो म्हणतात."

शेवटी आई म्हणाली, "मी गावी जाऊन देवाला विचारून येते." काय विचारणार ते तिने सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्या मूळ गावी, देवरूखच्या वर डोंगरात, ग्रामदेवतेला कौल लावण्याची रीत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने मांडतो आणि सगळे वाट बघतात. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्ने, विहिरी, हरवलेल्या म्हशी, भावकीतले तंटे, सगळे या पाकळ्यांवरून ठरत आले आहे.

"देवाला हृदयातलं काय कळतं?" अण्णा म्हणाले.

"तुम्हांला तरी काय कळतं?" आई म्हणाली. "तुम्ही इतिहासवाले."

मी तिला घेऊन गेलो. देवळात माझे चुलतकाका आधीच येऊन थांबले होते. गुरवाने देवाला पाणी घातले, पाकळ्या लावल्या आणि वळून म्हणाला, "बोला वैनी. काय इचारायचं?"

आई देवाकडे बघत राहिली. समईची वात सारखी केल्यासारखी केली, ती सारखीच होती. काका खाकरले. मग आई एकदम म्हणाली:

"हा कॅमेरा घेतोय. मोठा घ्यायचा म्हणतायत. घ्यावा का, विचार."

गुरवाने माझ्याकडे पाहिले. मी काकांकडे पाहिले. पण हरवलेल्या म्हशीबद्दल विचारणाऱ्याला कॅमेऱ्याचे नवल किती वाटणार? तो पाषाणाकडे वळला आणि त्याच जुन्या सुरात त्याने गाऱ्हाणे घातले: "बा म्हाराजा, तुजं लेकरू मोठा क्यामेरा घ्यायला निघालंय. त्यात त्याचं बरं होनार आसंल तर उजवा दे. नायतर डावा दे."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. कारण तसे म्हणायचेच असते.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. हे मी तेव्हाही स्वतःला सांगत होतो आणि त्या ओल्या पाकळ्यांवरून नजर काढू शकत नव्हतो. डाव्या अंगाची पाकळी एका कडेने सुटली, वाकली आणि तशीच लोंबत राहिली. कोणी हलले नाही. मला कॅमेरा आठवतच नव्हता. मला मुंबईच्या त्या इस्पितळाचा लांब पांढरा कॉरिडॉर दिसत होता. मग उजवीकडची, जी अगदी घट्ट बसली होती, ती टपकन खाली पडली.

"उजवा," गुरव म्हणाला. "बिनघोर घ्या."

परतीच्या एसटीत मी आईला विचारले, "तू ऑपरेशनचं विचारायला आली होतीस ना?"

"हो."

"मग?"

"डावा आला असता तर?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ऑपरेशन तर करायचंच आहे. मग काय देवाला नाही म्हणून करायचं?"

"पण म्हणून कॅमेरा?"

"गुरव उभा राहिलेला. काहीतरी विचारायला नको? घरात दुसरं काय चाललंय इतके दिवस?" मग म्हणाली, "यांना काही बोलू नको. विचारलं तर उजवा आला म्हणायचं. खोटं नाही ते."

घरी पोचलो तेव्हा अण्णा ओटीवरच होते. पेपरातून डोके वर न काढता त्यांनी विचारले, "काय म्हणतो तुमचा देव?"

"उजवा दिलान्," आई म्हणाली आणि थेट आत गेली.

"हं," अण्णा म्हणाले. त्यांनी पान उलटले. पेपर आदल्या दिवशीचा होता. त्या दिवशी जेवताना त्यांनी भात मागून घेतला, आणि आईने वाढताना माझ्याकडे पाहिले नाही.

माझी पंचाईत पुढेच होती. लहान कॅमेरा घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. पण आता आमच्याकडे देवाची म्हणून जी काही परवानगी होती ती फक्त मोठ्या कॅमेऱ्याची होती. तीही मोडली तर मग हातात काय राहिले? माझ्यासारख्या माणसाने असा विचार करावा हे हास्यास्पद आहे, हे मला राम आळीच्या तोंडापर्यंत व्यवस्थित कळत होते. दुकानात शिरलो आणि मोठा घेतला.

"शेवटी दृष्टीच," स्टुडिओवाला म्हणाला. आणि मग, हळूच, "वडील कसे आहेत?"

अण्णांच्या नकळत फोटो काढण्याचा बेत खोके उघडतानाच बारगळला. त्यांनी ओटीवरून ते यंत्र पाहिले, त्याची लेन्स पाहिली, उठून आत गेले आणि मुख्याध्यापकाचा काळा कोट घालून बाहेर आले. चैत्रातल्या दुपारी, रत्नागिरीत. खुर्ची ओढून ताठ बसले.

"कुठे बघू?"

"सहज बसा हो."

"सहज कसा बसू? हसू की नको? भिंतीवर फार हसरा माणूस बरा दिसत नाही."

आईने आतून भांडे आपटले. "काहीतरीच बोलू नका!"

"बरं, थोडासा हसतो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत अण्णा होडीत बसल्यासारखे हलत होते. बटण अर्धे दाबायचे, मग पुरते दाबायचे, हे मी पाठ केले होते आणि ते साफ विसरलो.

"अरे, ऑपरेशन माझं आहे की तुझं?" अण्णा म्हणाले.

पहिल्या सगळ्या फोटोंत मागच्या आंब्याच्या पेट्या लख्ख आल्या होत्या. पेटीवरचा दादरच्या व्यापाऱ्याचा पत्ता वाचता येत होता. अण्णा मात्र त्याच्यापुढे धुक्यात. आईने पेट्या ओढून बाजूला करायला लावल्या. मग कोटाचे बटण स्पष्ट आले. मग नाक. अण्णा घामाने निथळत होते आणि उठायला तयार नव्हते. "एकदा नीट काढ," एवढेच म्हणत होते. शेवटी एक चांगला आला. खरोखर चांगला. त्यात ते जरा वैतागलेले, जरा हसू दाबलेले, पुढचा प्रश्न कुणाला विचारावा अशा नजरेने वर्गाकडे बघणारे मास्तर दिसत होते. मी तो आईला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. तिने पदराने पडदा पुसला आणि पुन्हा पाहिला.

मुंबईला इस्पितळात निघताना कपड्यांच्या पिशवीत अण्णांनी स्वतः डोकावून पाहिले होते, तेव्हा माझ्या काही लक्षात आले नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना न्यायला स्ट्रेचर आले. भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या. आई पायाशी. अण्णांनी मान वळवली.

"कॅमेरा आणलायस ना?"

"तो कशाला आता?" आई म्हणाली.

"असू दे जवळ. उजवा त्याला आलाय."

आईने माझ्याकडे पाहिले. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "तुम्ही परतीच्या एसटीत बसलात तेव्हाच काकाचा फोन आला होता. अख्ख्या गावात झालंय, यांनी देवाला कॅमेरा विचारला म्हणून."

"मग बोलला का नाहीत?" आई म्हणाली.

"काय बोलू? मीसुद्धा तेच विचारलं असतं."

स्ट्रेचर गेले. आई बाकावर बसली आणि कॅमेऱ्याची पिशवी तिने मांडीवर घेतली. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन 'सगळं ठीक' म्हणाले, तेव्हा त्यांचे ऐकण्यासाठी ती उठली, तरी पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेलाच होता. त्या पट्ट्याचा वळ तिच्या हातावर संध्याकाळपर्यंत होता.

अण्णा अजून ओटीवर पेपर वाचतात. माजघरातली खुंटी रिकामी आहे. तिच्यावर हल्ली आई छत्री अडकवते. तो फोटो मोठा करायची वेळ आली नाही. तो कामाला आला एकदाच. अण्णांना ज्येष्ठ नागरिकांच्या एसटी सवलतीच्या कार्डासाठी फोटो हवा होता, तेव्हा मी तो राम आळीत नेऊन दिला आणि स्टुडिओवाल्याने तो बोटाच्या पेराएवढा कापून दिला. दहा मिनिटांत देतो म्हणाला होता. पाऊण तास लागला.