अश्विनीताईंनी न दिलेला नकार

संस्थेत एक रीत होती. कुणाबद्दल काही बोलायचं असलं तर त्याला आधी समोर बसवायचं. तो हजर नसेल तर विषय तिथंच थांबवायचा. पाठकसरांनी संस्था काढली तेव्हापासून ही रीत पाळली होती. सोमवारच्या बैठकीत कुणी म्हणालं, "सर, मच्छिंद्र गावात वेळेवर पोचत नाही," की सर हातानंच थांबवत. "मच्छिंद्रला बोलवा." मच्छिंद्र यायचा, सतरंजीवर बसायचा, आणि तक्रार करणाऱ्याचीच जीभ जड व्हायची. निम्म्या तक्रारी अशाच विरून जायच्या.

अश्विनीताईंना या रीतीचा फार अभिमान. नव्या कार्यकर्त्यांना त्या पाणलोट नंतर शिकवत, हे आधी.

"आपल्याकडं भावकीत काय होतं?" त्या म्हणत. "ज्याचं वाटोळं करायचं, तो एकटा सोडून बाकी सगळे जमतात. संस्थेत तसं करायचं नाही."

ताई मूळच्या पारनेर तालुक्यातल्या. घरची शेती सगळी पावसावरची. मूग, वाटाणा, बाजरी. पारनेरच्या कॉलेजातून बी.ए. झाल्या तेव्हा गावात तेवढं शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. पाठकसर त्याच सुमारास पाणलोटाचं काम घेऊन गावात आले. सर नगरचे. घराण्यात सगळे मास्तर नाहीतर कारकून. स्वतः कॉलेजात शिकवायचे, ते सोडून त्यांनी संस्था काढलेली. ग्रामसभेत त्यांनी डोंगरावर चर कसे खणायचे ते समजावलं. श्रमदानाला कोण कोण येणार, म्हणून विचारलं. पुरुषांनी हात वर केले. मागं बायकांत बसलेली अश्विनी उठली.

"हात ह्यांनी वर केलं," ती म्हणाली. "खोरं आमीच धरनार हाय. मग इचारता कुणाला?"

सभा हसली. वडिलांनी मान खाली घातली. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी येऊन ते वडिलांना म्हणाले, "ही मुलगी मला कामाला द्या."

तिथून सुरुवात झाली. आधी घरोघर फिरून पाण्याची, जनावरांची माहिती काढायची. मग बायकांचे बचत गट बांधले. मग एका ओढ्याच्या खोऱ्यातली गावं मिळाली, मग अर्धा तालुका. सरांनी तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला लावलं. मुंबईच्या पाहुण्यांसमोर बोलायला उभं केलं. बोलून खाली बसली की ते हळूच सांगायचे, "शेवटची दोन वाक्यं जास्त झाली." ते खरं असायचं. पुढच्या खेपेला ती दोन वाक्यं नसायची.

मध्ये सरकारी नोकरी चालून आली. अंगणवाडी पर्यवेक्षिका. तोवर लग्न झालं होतं. नवरा ज्ञानेश्वर दूध संकलन केंद्र चालवायचा. तो म्हणाला, "डोळं झाकून घे." ताई सरांना विचारायला गेल्या. सर म्हणाले, "तिथं तू निवृत्त होशील. इथं तू संस्था चालवशील."

ताईंनी नोकरी नाकारली. ज्ञानेश्वर आठवडाभर धड बोलला नाही. मग एका सकाळी गोठ्यातूनच ओरडला, "तुझ्या सरांनी सांगितलं की म्हैस अंडी देती, तर तू पाटी घेऊन इथं येऊन बसशील!"

"बसेन की," ताई म्हणाल्या. "तू शेण काढून ठेव म्हणजे झालं."

पुढं त्या संस्थेच्या कार्यक्रम प्रमुख झाल्या. सरांच्या खालोखाल त्याच. शंभरावर गावं त्यांना तोंडपाठ होती, आणि गावांना त्या. सरांची बायपास झाली, त्या सालात संस्था ताईंनीच ओढली. सर बरे झाल्यावर दोघं राहुरीहून परत येत होती. वाटेत सर म्हणाले, "माझ्यानंतर तूच गं."

"छे, सर," ताई म्हणाल्या. "मला कुठं जमायला? तुम्ही आहात तोवर सगळं आहे."

दुसरं काय म्हणणार? पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, म्हणून कुणी वाढायचं थांबवत नाही. ताईंचं 'छे' तसलंच होतं. सर हसले होते. ताईंनी ते हसणं घरी जाऊन ज्ञानेश्वरलासुद्धा सांगितलं.

दोन वर्षं गेली. सरांनी संचालकपद सोडायचं जाहीर केलं. ताईंना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. विचारायचं होतं काय त्यात?

एकदा पारनेरहून येताना जीपचा ड्रायव्हर गहिनीनाथ घुटमळत म्हणाला, "ताई, एक बोलू का? सरांना घेऊन मी मागं दोनदा पुन्याला गेल्तो. तिथं एका–"

"कुणाबद्दल सांगतोयस?"

"सरांबद्दल."

"मग सरांसमोर सांग."

"तुमी पन ना, ताई. ऐकून तर घ्या."

"गहिनीनाथ, रीत सगळ्यांना सारखी."

रस्ता मोकळा होता, तरी त्यानं हॉर्न वाजवला.

विश्वस्तांच्या बैठकीच्या दिवशी मुंबईहून पाहुणे आले होते. सर म्हणाले, "यांना बोरदऱ्याला तूच ने. तुझ्यासारखं दुसरं कुणी दाखवत नाही." बोरदरा हे ताईंचं सगळ्यात जुनं गाव. त्या पाहुण्यांना घेऊन गेल्या. बंधारे दाखवले, विहिरी दाखवल्या. दुपार कलताना परत आल्या तर कार्यालयात पेढे चालले होते.

विजयाताई धावतच पुढं आल्या. त्या विश्वस्त. निवृत्त प्राध्यापिका. ताईंना अर्ज आणि अहवाल लिहायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी ताईंना मिठी मारली. डोळे ओले होते.

"अगं, केवढं मोठं मन तुझं!"

"काय झालं?"

"सरांनी सांगितलं आम्हाला सगळं. संचालकाची खुर्ची नको म्हणालीस. गावातच राहायचंय म्हणालीस. आजकाल कोण म्हणतं असं? तुझ्या अभिनंदनाचा ठराव केला आम्ही. एकमतानं."

त्यांच्या मागं एक तरुण उभा होता. खादीचा कुर्ता, पाठीला सॅक. तो वाकून नमस्कार करू लागला. ताईंनी पाय मागं घेतले.

"मी अनीश," तो म्हणाला. "ताई, तुम्ही सोबत आहात म्हणून मी हो म्हणालो. नाहीतर संचालक व्हायची माझी काय छाती होती?"

विजयाताईंनी ताईंच्या हातात पेढा ठेवला. हातात दिलेला पेढा टाकायचा नसतो. ताईंनी तो खाल्ला. पाण्याच्या पिंपाशी मच्छिंद्र उभा होता. त्याला पहिलं गाव ताईंनीच दिलं होतं. ताईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पिंपाचं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. नवा संचालक येणार, ते त्यालाही आधीपासून माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

ताई सरांच्या खोलीत गेल्या. सर औषधाची गोळी सोडवत होते.

"सर, मी नकार कधी दिला?"

"बस आधी."

ताई बसल्या नाहीत.

"राहुरीहून येताना," सर म्हणाले. "मी म्हणालो, माझ्यानंतर तूच. तू म्हणालीस, छे, मला कुठं जमायला. आठवतं?"

"आठवतं."

"मग मी खोटं काय सांगितलं?"

"सर, तुमचं ऑपरेशन झालेलं. तुमच्या शेजारी बसून मी काय म्हणायला हवं होतं? 'हो, द्या खुर्ची'?"

सरांनी गोळी तळहातावर घेतली आणि ते गोळीकडंच बघत राहिले.

"दिवस बदललेत, अश्विनी. आता पैसा देणार सुप्याच्या कंपन्या, पुण्या-मुंबईच्या कंपन्या. सगळं बोलणं इंग्रजीत. त्यांच्या त्या खोल्यांत तुझं कुणी ऐकून घेतलं नसतं. तुझा अपमान झाला असता. मला तो बघवला नसता."

"मी बघून घेतला असता."

बाहेर कुणीतरी हसलं. चहाचे कप वाजले.

"मला समोर का नाही बसवलं, सर? मच्छिंद्रच्या उशिरा येण्यासाठी तुम्ही बैठक थांबवली होती. माझ्यासाठी एक बैठक थांबली नसती?"

"तू समोर असतीस," सर म्हणाले, "तर हो म्हणाली असतीस. मग तुझ्या तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाला झाली नसती. मलासुद्धा."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं, की ताईंना क्षणभर तेच बरोबर वाटलं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"पुढच्या आठवड्यात अनीशला गावांत घेऊन जा," सर म्हणाले. "तुला काही बोलायला नको. तू नुसती शेजारी उभी राहिलीस तरी गावं त्याला मानतील." गोळी गिळून ते म्हणाले, "एवढं माझ्यासाठी कर."

घरी ज्ञानेश्वरनं सगळं ऐकलं. टोमणा मारला नाही. बराच वेळ दुधाचे कॅन धूत राहिला.

"मी येऊ का उद्या हापिसात?" त्यानं विचारलं.

"येऊन काय करशील?"

"काय न्हाई. नुसता उभा राहीन."

"नको," ताई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःच्याच 'नको'ची भीती वाटली. त्या पुन्हा म्हणाल्या, "खरंच नको."

पुढच्या आठवड्यात त्या जीपमध्ये बसल्या. का बसल्या, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सर बोलावणार आणि आपण जाणार, हे अंगात मुरलं होतं. संस्था सोडायची तर सत्तेचाळिसाव्या वर्षी जायचं कुठं, हेही होतं. दुसऱ्या संस्थांना समाजकार्याची पदवी लागत होती. सरकारी नोकरीचं वय गेलं होतं.

सुपा मागं पडल्यावर अनीशनं विचारलं, "ताई, राग मानू नका. तुम्ही नको का म्हणालात?"

"मी नको म्हणाले नव्हते."

गहिनीनाथनं जीप हळू केली. अनीश पुढच्या सीटवर होता, तो पूर्ण मागं वळला.

"पण मला तर सरांनी... मी पुण्याची नोकरी सोडून आलोय, ताई."

"मीही सोडली होती एक."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पोरगा वाईट नव्हता, ते दिसत होतं.

"मी सरांशी बोलतो," तो म्हणाला. "हे असं चालणार नाही."

"आज बोलता? मी येते सोबत."

अनीशनं बाहेर पाहिलं. मोबाईल हातात घेतला, खाली ठेवला. "या महिन्यात कंपनीचे लोक येतायत. ते एकदा होऊ द्या. मग नक्की बोलू."

बोरदऱ्याचा फाटा आला.

मारुतीच्या मंदिरापुढं बायका जमल्या होत्या. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बचत गटाच्या अध्यक्षा मालनबाई पदर खोचून पुढं आल्या. साठीच्या. ताई पहिल्यांदा या गावात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर डोंगरावर सगळ्यात आधी चढलेली बाई हीच. ताईंना त्यांच्या घरात स्वतःचं ताट होतं.

"ये गं. ह्यो कोन पावना?"

"हे अनीश. संस्थेचे नवे संचालक."

"आन् पाठकसर?"

"ते आता थांबले."

"थांबायचंच हुतं त्यांनी. पन आमी तर म्हनत हुतो..." मालनबाई थांबल्या. त्यांनी अनीशकडं पाहिलं, ताईंकडं पाहिलं. "मंग तू?"

अनीश शेजारी उभा होता. एक वाक्य पुरणार होतं. मी यांच्यासोबत आहे. ताईंनी ते तोंडात फिरवलं. बाहेर येईना.

"मी संस्था सोडतेय, मावशी," त्या म्हणाल्या. हे त्यांनाही तेव्हाच कळलं. "मला न विचारता माझा नकार सांगितला विश्वस्तांना. मी इथं होते त्या दिवशी. तुमच्याच विहिरी दाखवत होते."

"कुनी सांगितला?"

"सरांनी."

सर तिथं नव्हते. इतक्या वर्षांत ताई पहिल्यांदाच कुणाच्या माघारी बोलल्या होत्या. तरी त्यांनी शब्द मागं घेतला नाही.

"मुडदा बशिवला त्याचा!" मालनबाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या मानसानं आसं करावं? बस, बस तू आधी. शांते, च्या आन." मग त्यांची नजर अनीशवर गेली. तो ओशाळून उभाच होता. मागच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी मालनबाईंच्या कोपराला हात लावला. मालनबाईंनी पदर सारखा केला.

"तुमी बी बसा, सर. उभं का?" त्या म्हणाल्या. आवाज आता वेगळा होता. बैठकीतला. "आमच्या कांदाचाळीचं काम आता तुमच्याच हातात ना? औंदाचा कांदा उघड्यावर सडला बघा आमचा."

शांता चहा घेऊन आली. पहिला कप अनीशकडं गेला.

ताईंनी चहा घेतला. कप खाली ठेवला. बायका अनीशभोवती सरकत होत्या, त्याला चाळीची जागा हातानं दाखवत होत्या. ताई उठल्या तेव्हा गहिनीनाथ जीपजवळून पुढं आला.

"ताई, घरी सोडतो."

"संस्थेची गाडी आहे ही. सरांना... अनीशसरांना अजून दोन गावं करायचीत."

"जाऊ द्या वो गावं."

"तू थांब इथं, गहिनीनाथ. मी एसटीनं जाते."

फाट्याच्या वाटेवर मागून चपलांचा आवाज आला. मालनबाई धापा टाकत आल्या. त्यांनी ताईंचा हात धरला.

"आश्विनी, मनात धरू नको. चाळ हाय गं. साऱ्या गावाची हाय."

"माहीत आहे, मावशी. चाळीसाठी मीच तुम्हाला अर्ज करायला लावला."

"मंग तुला कळतंय."

ताईंना कळत होतं. मालनबाईंनी हात घट्ट धरून ठेवला. दोघी वाटेवर तशाच उभ्या राहिल्या. पण नवे सर देवळापुढं खोळंबले होते, त्यामुळं मालनबाईंना फार वेळ थांबता आलं नाही.