मोती दगड नसतो

मोती दगड नसतो. हे मी शाळेत शिकले होते, पुढे विसरले. गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका तीनमजली दागिन्यांच्या दुकानात टाय लावलेल्या एका गृहस्थांना ते शिकवायची वेळ माझ्यावर आली, पण तोवर उशीर झाला होता.

प्रकरण सासूबाईंच्या नथीचं. सात बसरा मोती, मधे एक लाल खडा आणि बावीस कॅरटची तार. सासूबाईंना ती त्यांच्या सासूबाईंकडून आली. माझ्या लग्नात ती माझ्या नाकात आली आणि त्याच संध्याकाळी परत डबीत गेली. आमच्या घरी ही नथ कोणाच्या मालकीची नसते, सगळ्यांत मोठ्या बाईच्या ताब्यात असते. आता माझ्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि नाकात जाणाऱ्या तारेचं टोक तुटलं होतं. सासूबाईंनी डबी माझ्याकडे दिली.

"आपल्या सोनाराकडेच दे. दुसरीकडे कुठे जाऊ नकोस."

आपला सोनार म्हणजे मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या दुकानात बसणारा. त्याची इमारत पुनर्विकासात गेली, तेव्हापासून तो विक्रोळीला पुतण्याच्या खोलीत काम करतो. मला त्या दिवशी साड्यांसाठी घाटकोपरला जायचंच होतं. समोर ते दुकान होतं, डबी पर्समध्ये होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

लोकांच्या थाटामाटाला मी आयुष्यभर हसत आले. सत्काराची शाल, लग्नातला ड्रोन, सोसायटीच्या अध्यक्षांची खास खुर्ची, काही सोडलं नाही. पण त्या दुकानात दार उघडायला एक माणूस होता, केशराचं सरबत होतं, आणि भिंतीवर 'वारसा' अशा नावाखाली दिव्यांच्या झोतात कालच घडवलेल्या जुन्या नथी होत्या. मी हसले नाही. मी बसले.

टायवाल्यांनी डोळ्याला भिंग लावून नथ पाहिली. मग माझ्याकडे डॉक्टर पाहतात तसं पाहिलं.

"मॅडम, हा रुबी नाहीये. ग्लास आहे."

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्याला माणिक म्हणत आलो, ती काच निघाली. वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र त्या माणसाच्या ज्ञानाचा आदर वाटला. ज्याला लाल खड्यातलं इतकं कळतं, त्याला पांढऱ्या मोत्यातलंही कळत असणार, असं मी धरून चालले. काम करताना मोती उतरवणार का, हे विचारलंच नाही.

"तार जोडून देतो, आणि क्लीनिंग फ्री. एकदम नव्यासारखी होईल."

तिसऱ्या दिवशी मखमली पेटीत नथ मिळाली. सोनं निर्लज्जपणे चमकत होतं. लाल काच हसत होती. आणि सातही मोती खडूचे झाले होते. त्यांच्यात जी आतून येणारी ओलसर चमक असायची ती पुसून गेली होती. एकावर बारीक खळगे पडले होते.

"यांचं पाणी कुठे गेलं?" मी विचारलं.

"पर्ल जुने होते ना मॅडम. ओल्ड स्टोन्सचं असं होतं."

"तीन दिवसांपूर्वी जुने नव्हते?"

त्यांनी पावती उलटी केली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की दागिन्यातल्या खड्यांची जबाबदारी दुकानाची नाही.

"हे खडे नाहीत," मी म्हणाले. "मोती दगड नसतो. शिंपल्यातला जीव तो तयार करतो."

"बरोबर आहे मॅडम. पण आमच्या सिस्टिममध्ये पर्ल स्टोन्समध्येच येतो."

मग त्यांनी मला भिंतीवरची एक वारसा नथ दाखवली. सर्टिफिकेटसकट. माझी आजवरची भांडणं रिक्षावाल्यांशी आणि वीज कंपनीशी झाली, पण इतक्या सौम्य आवाजात इतका उद्धटपणा कोणी केला नव्हता. ज्यांना हिरा, काच आणि मोती यांतला फरक संगणकात शोधावा लागतो, त्यांच्या हाती आपण नथी देतो, आणि वर सरबत पितो.

तिथून थेट विक्रोळी. सोनाराने नथ खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तेजाबात बुडवलीये."

त्याने समजावलं ते असं. तार जोडताना आच लागते, सोनं काळं पडतं. तो काळेपणा जायला दागिना तेजाबात, म्हणजे ॲसिडच्या पाण्यात टाकतात. सोन्याला त्याचं काही वाटत नाही, काचेलाही नाही. मोती मात्र जवळपास चुनाच. "लिंबू पिळलं तरी रडतो तो. बाया घामाच्या नथी पुसून ठेवायच्या, ते काय उगाच? मी आधी सातही मोती उतरवले असते, तार जोडली असती, मग परत ओवले असते. दीड दिवसाचं काम."

"आता काही होईल?"

"मोत्याला कांद्यासारखे पदर असतात. कोणी कोणी वरचा पदर सोलून बघतात. पण एवढ्याशा मोत्याला सोलायला गेलो तर हातात नुसतं भोक राहील."

मुलीला फोन केला. तिने क्षणात उपाय काढला. "नवे मोती बसवून घे ना गं. आजीला कुठे एवढं दिसतं."

सोनाराने नवे मोती काढून दाखवले. छान होते, साबुदाण्यासारखे सगळे सारखे. "बसवतो," तो म्हणाला, "पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि त्या विचारणार."

मला मोह झाला, हे कबूल करते. ते नवे मोती मी तळहातावर घेतलेही होते. मग लक्षात आलं की घरी जाऊन सासूबाईंसमोर मी तेच करणार आहे, जे टायवाल्यांनी माझ्यासमोर केलं. फक्त सरबताशिवाय. मोती परत केले.

सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसून वाल सोलत होत्या.

"आई, मी आपल्या सोनाराकडे गेले नव्हते," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी हात पुसले, नथ घेतली. डोळ्यांजवळ नेलीच नाही. अंगठ्याने एकेक मोती चाचपला. "हा चपटा. हा बुटका. हा शेवटचा, एका अंगाने वाकडा." खळगे पडलेल्या मोत्यावर अंगठा थांबला.

"एसी होता का तिथे?"

"होता."

"प्यायला दिलं काही?"

"केशराचं सरबत."

"मग झालं तर." त्यांनी नथ ओट्यावर ठेवली.

मी म्हणाले, "त्या दुकानातला माणूस लाल खडा काच आहे म्हणाला."

"काच आहेच. माणिक माझ्या लग्नाच्या आधीच कुठेतरी पडलं. सासूबाईंनी डबी देताना सांगितलं होतं मला. तुला सांगायचं राहून गेलं." मग पुन्हा वाल हातात घेत, "तिला हीच घालू दे. नवे मोती नकोत. आणि कोणी विचारलं तर दुकानाचं नाव घेऊन सांग."

मला सांगावं लागलं नाही. लग्नाच्या दिवशी त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत राहिल्या. मुलाकडच्या दोन बायका तर ऐकून झाल्यावर पुन्हा ऐकायला आल्या.

संध्याकाळी नथ डबीत गेली. सासूबाईंनी माझ्याकडून त्या दुकानाची पावती मागून घेतली आणि मागच्या बारीक अक्षरांवरच पेनाने ठळक लिहिलं: लाल खडा काच आहे. मोती खरे आहेत, तेजाबात गेले. सुनेने भलत्या दुकानात नेली होती.

"शेवटचं वाक्य कशाला?" मी म्हणाले.

"खोटं आहे?"

त्यांनी पावतीची घडी घातली, नथीखाली ठेवली आणि डबी मिटली.