बाळंतिणीसारखा जपलेला मॉनिटर

आमच्या थोरल्या साडूंच्या मते या विश्वात आजवर एकही वस्तू आपोआप बिघडलेली नाही. ग्रहण लागलं तरी कुणीतरी सूर्याला नको तिथं हात लावला असणार, असंच ते मनातून मानत असावेत. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मला वडीलधारे. तेव्हा त्यांचं हे तत्त्वज्ञान मी वर्षानुवर्षं खाली मान घालून ऐकलं. घरात बल्ब गेला की चारचौघं नवा बल्ब आणतात. साडू आधी सगळ्यांना अंधारात ओळीनं उभं करत आणि विचारत, "शेवटचं बटण कुणी दाबलं?" कुकरची रिंग फाटली तेव्हा त्यांनी ताईंची, म्हणजे स्वतःच्या बायकोची, अशी उलटतपासणी घेतली की डाळ शेजारणीकडून शिजवून आणावी लागली. ताईही काही कमी नव्हत्या. "रिंग मीच फाडली. दातानं. आता जेवायला बसता का?" असं त्या म्हणाल्या, आणि साडू खरोखरच समाधानानं पाटावर बसले. कशी का असेना, कबुली मिळाली होती. मिरजेच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत माईक बंद पडला. साडू स्टेजवर चढले आणि नवरीच्या मामांना त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "वायरीवर पाय आहे का तुमचा?" बिचारे मामा लग्न लागेपर्यंत एका पायावर उभे होते.

अशा माणसानं पोटासाठी काय करावं? साडूंनी सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान काढलं. नव्वदचं दशक, म्हणजे मॉनिटर अजून टीव्हीसारखा ढेरपोट्या होता आणि त्याच्या खोलीत चपला काढून जायची रीत होती. वॉरंटीतला मॉनिटर आपोआप बिघडला तर कंपनी तो बदलून देई. वापरणाऱ्यानं बिघडवला तर हात वर करी. यातलं काय झालं हे ठरवण्याचा अधिकार कंपनीनं, माकडाच्या हाती कोलीत द्यावं तसा, साडूंच्या हाती दिला होता. कंपनी त्यांच्यावर बेहद्द खूश होती. साताऱ्यातली माझी नोकरी सुटली तेव्हा ताईंच्या शब्दाखातर त्यांनी मला दुकानात घेतलं. बॅटरी धरायची, काढलेले स्क्रू वाटीत ठेवायचे आणि साडू बोलले की मान डोलवायची, एवढंच माझं काम. बोलणं मला लहानपणापासून जमत नाही. त्यामुळे मान डोलवायचं काम मी फार मन लावून केलं.

साडूंची तपासाची पद्धत पाहण्यासारखी होती. आधी मॉनिटरला प्रदक्षिणा, मग त्याच्या पाठीवरच्या फटींना नाक लावून दीर्घ श्वास, मग मिटल्या डोळ्यांनी निदान: "चहा. साखर जास्त." बटणावर चुन्याचं बोट उमटलेलं दिसलं की त्यांना गुप्तधन सापडल्याचा आनंद होई. तासगाव रस्त्यावरच्या एका गिरणीवाल्याच्या मॉनिटरमधून वाटीभर पीठ निघालं. साडूंनी ते चिमटीत चोळून "ज्वारी" असं जाहीर केलं. "आवं सायेब, गिरनीत पीठ न्हाई तर काय गुलाल उडनार?" गिरणीवाला कळवळून म्हणाला. साडूंच्या मते गुलाल उडवला असता तरी चूक त्याचीच होती. विट्याच्या एका मास्तरांच्या मॉनिटरमध्ये पाल मरून पडलेली निघाली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे पालीनं केलं! माझा दोष नाही."

"पाल आली कुठून?"

"खिडकीतून आली असेल."

"खिडकी उघडी कुणी ठेवली?"

"मी. पण उकडत होतं हो!"

"म्हणजे तिला आत तुम्ही घेतलंत," साडू म्हणाले. मी मान डोलावली. मास्तर तो धोंड्यासारखा जड मॉनिटर पोटाशी धरून जिना उतरले. त्यांची ती वाकलेली पाठ मला दिवसभर दिसत राहिली, हे मी कुणाजवळ बोललो नाही. उलट संध्याकाळी घरी बायकोला पालीची गोष्ट साडूंच्या आवाजात करून दाखवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग कुंडलच्या पुढच्या एका गावातून निरोप आला. तिथल्या दूध संस्थेचा मॉनिटर जळाला होता. आम्ही स्कूटरवरून पोचलो तर संस्थेचे सेक्रेटरी वेशीवरच उभे. साडूंना बाजूला घेऊन ते म्हणाले, "सायेब, बाईच्या हातनं बिघडला, येवढं सांगा म्हंजे झालं. पोरगी हुशार हाय, न्हाई म्हनत न्हाई. पर मशीन बाप्याचं काम हाय. माझा भाचा कवाचा मोकळा बसलाय." बाई म्हणजे सुजाता कांबळे, कॉम्प्युटर चालवणारी. रोज एसटीनं सांगलीला जाऊन ती हे शिकली होती, आणि गावात पंख्याखालच्या खुर्चीत बसून पगार घेणारी तिच्या घरातली ती पहिलीच. साडूंनी नेहमीचा निकाल दिला की ती खुर्ची भाच्याची. आणि साडूंनी दुसरा निकाल कधी दिलाच नव्हता. भाच्याला काही दगदग उरली नव्हती. नुसतं येऊन बसायचं होतं.

खोलीचं दार उघडलं आणि भट्टीसारखी झळ अंगावर आली. खिडक्या बंद, त्यांच्या फटींत कागदाचे बोळे, पंखा बंद. मधोमध टेबलावर मॉनिटर, आणि त्याला जाड गोधडीचा अंगरखा. पडद्यापुरती खिडकी कापलेली, तिला नाजूक झालर, आणि हनुवटीखाली बांधावी तशी नाडीची गाठ. नुसता तेवढा चेहरा उघडा. साडूंनी नाडी सोडली, पाठ उघडली, वास घेतला. या वेळी डोळे मिटायची गरज नव्हती. आतलं सगळं करपून काळं पडलं होतं.

"चालू असताना पण झाकत होता?" साडूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात शिकार टप्प्यात आल्याची गोडी होती.

"व्हय," सुजाता म्हणाली. "आईनं शिवून दिलं. कवाच उघडा ठेवला न्हाई."

"बघा!" सेक्रेटरी म्हणाले. "आपल्या तोंडानं सांगतीया."

"आणि खिडक्या?"

"बंदच. पंखा बी न्हाई लावला कवा. मी घामानं निथळत हुते, पर त्येला वारं लागू दिलं न्हाई." तिनं गोधडी उचलून साडूंपुढं धरली. "तुमी सांगितलं तसंच केलं की सायेब सगळं. आजून काय करायला पायजे हुतं, तेवढं तरी सांगा."

"मी?" साडू म्हणाले.

आणि मला तो दिवस आठवला. हाच कॉम्प्युटर बसवला तेव्हा गावानं मांडव घातला होता, साडूंना हार घातला होता. हार पडला की साडूंच्या जिभेवर सरस्वती नाचे, आणि ती बरेचदा पाय घसरून पडे. "बंधुभगिनींनो," ते गरजले होते, "धूळ ही ह्याची वैरीण! ह्याला वारं लागू देऊ नका. घरातल्या बाळंतिणीला जपता, तसं ह्याला जपा!" टाळ्यांचा कडकडाट झाला होता. आणि ज्या गावात बाळंतिणीला खिडकी बंद करून, कानाला फडकं बांधून, गोधडीत गुंडाळून ठेवतात, त्या गावातल्या एका गुणी पोरीनं ते शब्दाशब्दानं पाळलं होतं. खाटेखाली शेगडी तेवढी ठेवली नव्हती. तिची उणीव मॉनिटरनं स्वतःच भरून काढली होती.

साडू कितीतरी वेळ ती गोधडी बोटांत धरून उभे होते. टाके फार बारीक होते. सवयीनं मी मान डोलवायला लागलो.

"गप्प बसा हो साडू!" ते एकदम खेकसले. मी एरवीही गप्पच होतो. मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "ह्यात बाईंची चूक नाही. त्यांना सांगणारा गाढव होता."

"कोन सांगनारा?"

"तुम्ही हार घातलात तो."

सेक्रेटरी हसले. त्यांना वाटलं, सांगलीची माणसं अशी थट्टा करतात. मग त्यांना कळलं, थट्टा नव्हे. "आवं, पर मंग माझा भाचा..."

"भाच्याचं काय ते तुम्ही बघा. चेअरमनना बोलवा, चार माणसं बोलवा. सगळ्यांदेखत सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. दुधाच्या कॅनांच्या ओळीसमोर उभं राहून, स्वतःलाच आरोपी करून, खणखणीत आवाजात उलटतपासणी घेतल्यासारखं सांगितलं. लोकांची हसून पुरेवाट झाली. सुजाता तेवढी हसत नव्हती. ती दाराशी पदरानं तोंड पुसत होती.

परतताना पलूस मागं पडलं. मग साडू स्कूटर चालवता चालवताच सुरू झाले. "कंपनीचं पुस्तक कुणी वाचलं होतं?"

"मी."

"पाठीवरच्या फटी उघड्या ठेवा, असं होतं त्यात?"

"होतं."

"मग मी मांडवात अकलेचे तारे तोडत होतो तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"शेजारच्या खुर्चीत."

"म्हणजे पोरीनं नाही, मीही नाही. तुम्ही बिघडवलात!" एक खड्डा चुकवून ते म्हणाले, "रागावलात काय, साडू?" मी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हाही नाही.

दोन दिवसांत संस्थेत दुसरा मॉनिटर बसला. तो कुठून आला हे ताईंनी मला फार उशिरा सांगितलं. साडूंनी घरातला, स्वतःच्या लेकीचा, उचलून नेला होता. "मी विचारलं, चांगला चालत होता, त्याला काय झालं?" ताई म्हणाल्या. "तर इकडेतिकडे बघत म्हणाले, आपोआप बिघडला. मला वाटलं, ह्यांची तब्येत बरी नाही." सुजाता खुर्चीत टिकली. सेक्रेटरींच्या भाच्याला पुढे जीप घेऊन दिली म्हणे. त्या जीपचं काय झालं ते विचारू नका.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरातल्या प्रत्येक कार्यात मी त्यांची नक्कल करून लोकांना हसवलं. पाल, पीठ, एका पायावरचे मामा, सगळं. ही गोष्ट मात्र कधी सांगितली नाही, कारण हिच्यात त्यांच्यावर नीट हसता येत नाही. शेवटच्या दुखण्यात ते ताईंना म्हणाले होते, "धाकट्या साडूंना मी एकदा गाडीवर वाटेल ते बोललो. ते मनातून गेलं नाही त्यांच्या." आणि ती समजूत बरोबर घेऊन ते गेले. मी रागावलो नव्हतो. चारचौघांसमोर एका पोरीसाठी स्वतःला गाढव म्हणवून घेतलेला माणूस माझ्यापुढं बसला होता, आणि माझे डोळे भरून वाहत होते, म्हणून शब्द फुटत नव्हता. त्यांनी दोनदा विचारलं. पण रस्ता खड्ड्यांचा होता, त्यांची नजर समोर होती, आणि गाडी चालवणाऱ्याला मागं बसलेल्याचं तोंड दिसत नाही.