रिकाम्या जागेतलं ‘जेवलास का?’

मला हे काम शिकवलं ते आक्कांनी. काय घडलं ते सांगतोच, पण आधी त्यांचं नाव. मी भित्रा माणूस आहे. सांगता सांगता अडखळलो तर निदान एवढं तरी सांगून झालेलं असावं.

कॉम्प्युटरवर काहीही सुरू करायचं झालं की आक्का आधी ‘ट्र्र्र, ट्र्र्र’ असा आवाज काढायच्या. मेंढरं हाकताना काढतात तसा. त्यांचं माहेर मेंढपाळाचं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या की म्हणायच्या, “निघाला कळप.” तुम्ही असता तर हसला असता. मीही हसलो असतो, पण माझी नोकरी पक्की नव्हती.

मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली. ट्रकवर क्लीनर होतो. ट्रक उमरग्याजवळ हायवेवर बंद पडला, चार दिवसांनी दुरुस्त होऊन निघून गेला आणि मी राहिलो. गॅरेजच्या वर वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं. मला मराठी टायपिंग यायचं, तेवढ्यावर मालकांनी ठेवून घेतलं. “महिन्याभरात एक साइट स्वतः उभी कर. जमलं तर राहा, नाहीतर हायवे समोरच आहे.”

साइट कोणी मुळापासून बांधत नाही. आधी एक तयार सांगाडा लागतो, स्टार्टर टेम्प्लेट. आमचा सांगाडा आक्कांनी बांधलेला. त्यांनी मला तो माझ्या कॉम्प्युटरवर घ्यायला सांगितला. मी पेन ड्राइव्ह लावला आणि सगळं फोल्डर त्यात ओढलं. सकाळची दुपार झाली, तरी कॉपी चालूच. त्यात इंटरनेटवरून आलेले कोडचे हजारो तयार तुकडे होते, ते एकेक करून मी वाहून नेत होतो.

“आरं लेकरा, मेंढरं खांद्यावर घिऊन कोन चालतं का?” आक्कांनी पेन ड्राइव्ह उपटला. “नावांची यादी तेवढी ने. तिकडं जाऊन हाक मार. चालत येत्यात.”

मी तुकड्यांच्या नावांची यादी नेली, एक कमांड देऊन इंटरनेटला हाक मारली. आले. भीतीनं मीसुद्धा ‘ट्र्र्र’ केलं होतं.

सांगाड्यात जिथं मजकूर यायचा, तिथं बाकीचे लोक कसलीतरी अगम्य लॅटिन भरतात. आक्कांनी लिहिलं होतं, ‘जेवलास का?’ सगळीकडं तेच.

“असं का, आक्का?”

“रिकामी जागा दिसली की मान्सानं दुसरं काय इच्यारावं?”

मला तर त्या रोजच विचारायच्या. “काय रं भातखाऊ, जेवलास का?” भाकरी मला थापता यायची नाही, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. इकडं गावभराच्या साइट करायच्या, पण भावाच्या घोंगड्यांची साइट मात्र ‘सवड मिळंल तवा’.

माझी साइट होती पोटाच्या एका डॉक्टरांची. मी सगळीकडं त्यांचं नाव घातलं. मोबाइलवर दिसणारी वरची पट्टी वेगळी असते, हे मला ठाऊक नव्हतं. साइट सुरू झाली आणि लोकांच्या फोनवर डॉक्टरांच्या नंबरच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत आलं, ‘जेवलास का?’

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर स्वतः जिना चढून आले.

“कुणी केलंय हे? सकाळपासून पेशंट मला काय काय खाल्लं ते सांगतायत! जळकोटचा एक म्हातारा म्हणतो, दोन भाकरी आन् ठेचा, तुम्ही इच्यारलं म्हणून लई बरं वाटलं. एक आजी तर मलाच विचारतेय, तुम्ही जेवलात का!”

माझी पिशवी टेबलाखाली होती. मी तिचे बंद घट्ट धरले.

“ती ओळ माझी हाय,” आक्का म्हणाल्या. “लेकराकडं बघू नका. आन् आजीला काय सांगितलं?”

“कशाचं?”

“जेवलात का?”

डॉक्टरांनी घड्याळात बघितलं. साडेतीन वाजले होते. आक्कांनी डबा उघडून पुढं सरकवला. डॉक्टर उभ्यानंच भाकरी मोडायला लागले, मग खुर्चीवर बसले, मग लोणचं मागितलं. हात धुऊन म्हणाले, “राहू द्या ती ओळ. पेशंट खरं बोलायला लागलेत. फक्त ‘जेवलास’चं ‘जेवलात’ करा. वयस्कर लोक येतात.”

ती मी स्वतः, आक्कांना न विचारता केलेली पहिली दुरुस्ती. मालक म्हणाले, “राहा.”

पुढं आक्कांना हैदराबादला मोठं काम मिळालं. त्या जाताना मी विचारलं, “सगळं कॉपी करून ठेवू का?”  त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. यादी. तो कागद अजून तिथंच आहे, त्यांच्या खुर्चीसमोर. खुर्चीत कुणी बसत नाही. बसायला बंदी नाही, तरी बसत नाही.

रोज सकाळी नवा सांगाडा उघडतो. पडदा विचारतो. मी “व्हय” म्हणतो, कधी खोटंच.

आक्का, तुमच्या भावाच्या घोंगड्यांची साइट मी करणार आहे. सवड मिळेल तेव्हा नाही, करणारच. ती तुम्ही तिकडं तुमच्या मोबाइलवर उघडाल. वरच्या पट्टीत नाव घालायचं मी विसरणार आहे. मुद्दाम. फक्त ‘जेवलास’चं ‘जेवलात’ करीन.